पाहुणे आले, पाहून गेले

साडेदहाला येणारी बस साडेअकराला येते. तोवर वर्ग झाडून झालेले असतात, फळ्यावर रंगीत खडूने ‘सुस्वागतम्’ उमटलेलं असतं आणि स्वागतगीत म्हणणारी मुलं दोनदा रांगेत उभी राहून दोनदा बसवली गेलेली असतात. बसमधून विशेष शिक्षणाच्या पदविकेचे विद्यार्थी उतरतात. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, बरोबर एक प्राध्यापक. कार्यशाळेत केलेली कागदी फुलं त्यांना दिली जातात. मग संस्थेचा माहितीपट, मग ‘युनिट’ दाखवण्याची फेरी: मेणबत्त्या, फायली, पापड, आणि दिवाळी जवळ आली असेल तर रंगवलेल्या पणत्या आणि उटण्याची पाकिटं. पोहे होतात, चहा होतो, पायरीवर सगळ्यांचा फोटो होतो. अभिप्रायवहीत कुणीतरी लिहितं, ‘खूप प्रेरणा मिळाली.’ दीडच्या सुमाराला बस निघते आणि मुलांना उशिरा जेवायला बसवलं जातं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्यापैकी नावाजलेल्या विशेष शाळेत किंवा पुनर्वसन केंद्रात हा कार्यक्रम वर्षातून कित्येकदा होतो. त्याला अभ्यासभेट म्हणतात. विशेष शिक्षण, व्यवसायोपचार, भौतिकोपचार, समाजकार्य अशा अभ्यासक्रमांत तिचा अहवाल लिहायचा असतो, त्याला गुण असतात. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद वैधानिक झाली, तेव्हापासून विशेष शिक्षकांना आणि या क्षेत्रातल्या इतर कित्येक व्यावसायिकांना तिच्याकडे नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणी टिकवायची तर शिकत राहावं लागतं. तेव्हा भेटी आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. हाताच्या बोटांना वळण नसलेलं मूल चमचा कसा धरतं, हे पुस्तकात वाचून समजत नाही.

पण त्या दोन तासांत नेमकं काय शिकून होतं? पाहुण्याला तेच दिसतं जे यजमानाने मांडून ठेवलेलं असतं. आणि इथे यजमान म्हणजे संस्थाचालक; ज्यांना पाहायला बस आलेली असते त्यांना कोणी यजमान समजत नाही. अशा भेटींचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळला, तर ज्या भेटींनी काही उलथापालथ केली त्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा सापडते. कुठेतरी दाखवण्याची सूत्रं चालकांच्या हातून सुटली होती. कधी ती अपंग माणसाच्या हाती आली, कधी पाहुण्याने न दाखवलेलं दार उघडलं.

टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेटची गोष्ट घ्या. १८१५च्या मे महिन्यात हा तरुण धर्मोपदेशक अमेरिकेतल्या हार्टफर्डहून युरोपला निघाला. कारण शेजारच्या घरात होतं. डॉ. मेसन कॉग्झवेल यांची मुलगी अ‍ॅलिस बहिरी होती आणि तिला घालावं अशी एकही कायमची शाळा तेव्हा अमेरिकेत नव्हती. गावातल्या सुखवस्तू मंडळींनी वर्गणी काढली आणि गॅलॉडेटला शिकून यायला पाठवलं. ब्रिटनमध्ये बहिऱ्या मुलांना शिकवण्याची विद्या ब्रेडवुड घराण्याने आपल्या घरात राखली होती. गायकीच्या घराण्यांनी चिजा लपवाव्यात तशी. गॅलॉडेटला सांगण्यात आलं, शिकायचंय तर आमच्या शाळेत तीन वर्षं साहाय्यक म्हणून राबा. एडिंबरोला गेला, तर तिथल्या शिक्षकाने ही विद्या बाहेर न देण्याचा करार करून दिलेला. महिने चालले, पैसे चालले, हाती काही लागेना.

त्याच सुमाराला लंडनमध्ये पॅरिसच्या शाळेचे प्रमुख आबे सिकार प्रात्यक्षिकं करत होते. त्यांच्याबरोबर झां मास्यू आणि लॉरां क्लेर्क हे दोघे होते, दोघेही बहिरे, दोघेही सिकारच्या तालमीत शिकून त्याच शाळेत शिक्षक झालेले. प्रेक्षकांनी प्रश्न विचारायचे आणि या दोघांनी फळ्यावर लिहून उत्तरं द्यायची, असा तो खेळ. खेळच म्हणायचा; तिकडेही तेव्हा स्वागतगीताची सोय होतीच. पण गॅलॉडेट भेटला आणि सिकारनी त्याला कुठलीही अट न घालता पॅरिसला बोलावलं. १८१६च्या वसंतात तो तिथल्या वर्गांत बसला आणि क्लेर्ककडून खुणांच्या भाषेचे धडे घेऊ लागला. हातातला पैसा संपत आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की इतक्या थोड्या दिवसांत आपण ही विद्या वहीत भरून नेऊ शकत नाही. मग त्याने क्लेर्कलाच विचारलं, येतोस का?

१८ जून १८१६ रोजी दोघे जहाजावर चढले. प्रवास बावन्न दिवसांचा. त्या दिवसांत क्लेर्क गॅलॉडेटला खुणा शिकवत होता आणि गॅलॉडेट क्लेर्कला इंग्रजी. १५ एप्रिल १८१७ला हार्टफर्डची शाळा सुरू झाली. पहिल्या विद्यार्थ्यांत अ‍ॅलिस होती. अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेत आजही फ्रेंच खुणांचं मोठं देणं आहे, ते या एका अभ्यासदौऱ्यामुळे. दौऱ्याचा अहवाल कुठल्या कपाटात आहे ते विचारायची गरज पडत नाही, कारण अहवालाऐवजी माणूस आला आणि तो माणूस स्वतः बहिरा होता.

पंधरा वर्षांनी बॉस्टनच्या डॉ. सॅम्युएल ग्रिडली हॉवेंनी जवळजवळ हेच केलं, फक्त जास्त धांदलीत. अंधांची शाळा काढायची म्हणून १८३१मध्ये त्यांना युरोपातल्या शाळा पाहायला पाठवलं होतं. गृहस्थ ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेले, स्वस्थ बसणं ठाऊक नाही. शाळा पाहता पाहता पोलंडच्या निर्वासितांना मदत पोहोचवण्याचं काम अंगावर घेतलं आणि बर्लिनमध्ये काही आठवडे तुरुंगाची हवा खाल्ली. परतताना मात्र पॅरिस आणि एडिंबरोहून एकेक अंध शिक्षक त्यांनी बरोबर आणला. १८३२मध्ये वडिलांच्या घरात शाळा भरली. तीच पुढे पर्किन्स म्हणून जगभर ओळखली गेली.

याच पर्किन्समध्ये अभ्यासभेटीची दुसरी बाजूही दिसू लागली. हॉवेंची शिष्या लॉरा ब्रिजमन अंध आणि बहिरी होती आणि ती बोटांच्या भाषेत बोलायला, लिहायला शिकली होती. तिला पाहायला शनिवारी लोकांची रीघ लागे. तिच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, तिने विणलेली वस्तू लोक आठवण म्हणून घरी नेत. आपल्याकडच्या पणत्यांच्या टेबलाचं कूळ इतकं जुनं आहे. लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात तर अठराव्या शतकात लोक करमणूक म्हणून रुग्णांना पाहायला जात. १७७०च्या सुमारास त्यावर निर्बंध आले. पर्किन्सचा हेतू निश्चितच वेगळा होता. शाळेला देणग्या हव्या होत्या आणि अशी मुलं शिकू शकतात हे सिद्ध करायचं होतं. तरी एका किशोरवयीन मुलीला आठवड्याच्या आठवड्याला तमाशबिनांसमोर बसावं लागत होतं, हे उरतंच.

गंमत अशी, की या प्रदर्शनातूनच पुढचा धागा निघाला. १८४२मध्ये चार्ल्स डिकन्स अमेरिकेत आला, पर्किन्स पाहिली आणि लॉराबद्दल सविस्तर लिहिलं. चाळीसेक वर्षांनी दूर अलाबामात एका आईने ते वाचलं. तिची मुलगी लहानपणीच्या दुखण्यात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावून बसली होती. विचारपूस करत करत हे कुटुंब अलेक्झांडर ग्रॅहम बेलपर्यंत आणि तिथून पर्किन्सपर्यंत पोहोचलं. ३ मार्च १८८७ रोजी अ‍ॅन सलिव्हन त्यांच्या दारात उतरली. मुलीचं नाव हेलन केलर. एका पाहुण्याने नीट पाहिलं आणि नीट लिहिलं, तर काय होऊ शकतं याचं एवढं ठळक उदाहरण दुसरं नाही. तेव्हा प्रदर्शन म्हटलं की नाक मुरडून मोकळं होता येत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला प्रश्न बदलला. शाळा निघाल्या होत्या, संस्था उभ्या राहिल्या होत्या. आता त्या भिंतींच्या आत काय चाललंय, हे कोणी बघायचं?

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या बहिणीला, रोझमेरीला, बौद्धिक अपंगत्व होतं आणि १९४१मधल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती कायमची परावलंबी झाली होती. १९६१मध्ये केनेडींनी या विषयावर तज्ज्ञांचं मंडळ नेमलं. मंडळाची पथकं इतर देशांतली व्यवस्था पाहायला युरोपात गेली. स्कँडिनेव्हियात त्यांना लहान, घरासारख्या वसतिगृहांत राहणारी माणसं दिसली. आणि थोड्याच वर्षांत स्कँडिनेव्हियाची माणसं उलट भेटीला अमेरिकेत आली.

त्यांतला एक डेन्मार्कचा नील्स एरिक बांक-मिकेलसन. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावणीत कैदी म्हणून राहिलेला हा अधिकारी १९५९च्या डॅनिश कायद्याचा शिल्पकार. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाचं आयुष्य शक्य तितकं इतरांसारखं असावं, हे त्या कायद्याचं सूत्र. १९६७मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या सोनोमा राज्य रुग्णालयात गेला. खचाखच भरलेले कक्ष, उघडीनागडी माणसं. आमच्या देशात गुराढोरांनासुद्धा असं वागवू देणार नाहीत, अशा अर्थाचं तो बाहेर येऊन बोलला आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांना सोनोमाची स्थिती माहीत नव्हती असं नाही. ते रोज तिथून जात होते आणि डोळा सरावला होता. तिऱ्हाइताचा एवढाच उपयोग: त्याचा डोळा सरावलेला नसतो. पाहुणचार झाल्यावर गप्प राहण्याचा शिष्टाचार त्याने मोडला, हे आणखी महत्त्वाचं. आपल्याकडे पोहे खाल्लेला माणूस अभिप्रायवहीत असं काही लिहील, ही शक्यता जवळजवळ नाही.

बर्टन ब्लॅट या प्राध्यापकाने तर परवानगीच्या बाहेरची वाट धरली. १९६५च्या नाताळात तो आणि छायाचित्रकार फ्रेड कॅप्लन अशा काही मोठ्या संस्थांत शिरले. कॅप्लनच्या पट्ट्याला छुपा कॅमेरा होता. दुसऱ्या वर्षी आलेल्या त्यांच्या छायाचित्र-पुस्तकाने अमेरिका हादरली. संस्थांची नावं त्यांनी छापली नाहीत. दोष एखाद्या अधीक्षकाचा नसून सगळ्या व्यवस्थेचा आहे, असं त्यांचं म्हणणं. ज्यांची छायाचित्रं घेतली त्यांची संमती मात्र कोणी विचारली नव्हती. चांगल्या हेतूने केलेल्या या चोरीवरून आजही या क्षेत्रातली माणसं एकमेकांशी वाद घालतात.

बांक-मिकेलसनइतकाच मोलाचा दुसरा पाहुणा स्वीडनचा बेंग्ट निर्ये. पालकसंघटनेचं काम करणारा. त्याने अमेरिकी संस्था पाहिल्या आणि १९६९मध्ये त्यांवर लिहिलं. नुसता संताप व्यक्त करून तो थांबला नाही. पाहायचं काय, याची त्याने एक साधी पट्टी दिली: दिवसाची लय, आठवड्याची लय, वर्षाची लय. माणूस सकाळी स्वतःच्या अंथरुणातून उठून कपडे घालतो का? राहण्याची जागा आणि कामाची जागा वेगळी आहे का? रविवार सोमवारपेक्षा वेगळा असतो का? वर्षात सण येतात का, सुटी येते का, घरापासून दूर कुठे जायला मिळतं का?

ही पट्टी घेऊन आपल्याकडच्या एखाद्या निवासी संस्थेत गेलं, की पाहण्याचा क्रमच बदलतो. रात्रीचं जेवण सहाला का उरकतं? स्वयंपाकाच्या बाईंना घरी जायचं असतं म्हणून. तिशीतल्या माणसाला साडेआठला दिवा मालवून झोपायला का लावतात? रात्रपाळीला एकच काळजीवाहक असतो म्हणून. यात दुष्टपणा नाही; पगाराचं, मनुष्यबळाचं गणित आहे. पण हे गणित दुपारी बाराच्या फेरीत दिसत नाही. सणाची लय तर आपल्याकडे भलतीच. दिवाळीच्या चार दिवसांत फराळाचे डबे घेऊन इतके देणगीदार येतात, की चकलीचा कंटाळा यावा. प्रत्येकाबरोबर फोटो, प्रत्येकासमोर गाणं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत सगळं सामसूम. निर्येच्या प्रश्नाचा रोख फराळ मिळतो का यावर नव्हता. दिवाळीला घरी जायला मिळतं का, यावर होता.

म्हणून जाणते विशेष शिक्षक नव्यांना सांगतात, की हॉल नंतर बघा, आधी संडास-मोरी बघा. दाराला आतून कडी आहे का. धरायला कठडा आहे का. कपाट आहे का, त्याला कुलूप आहे का आणि किल्ली कोणाकडे असते. कपडे ज्याचे त्याचे आहेत की गाठोड्यातून हाती येईल तो सदरा. माहितीपटापेक्षा या गोष्टी जास्त बोलतात.

महाराष्ट्रात या कामाला दुसराही एक पदर आहे. इथल्या बऱ्याच संस्था एखाद्या आईने, बापाने किंवा स्वतः अपंग असलेल्या माणसाने काढल्या. मिथू अलूर यांची मुलगी मालिनी सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मली. मिथूताईंनी लंडनला जाऊन विशेष शिक्षणाचा अभ्यास केला आणि १९७२मध्ये मुंबईत कुलाब्याला तीन मुलांवर केंद्र सुरू केलं. ते स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचं पहिलं पाऊल. तिचं पुढचं पसरणं बघण्यासारखं आहे. कोलकाता, बंगळूर, चेन्नई इथे अशीच केंद्रं निघाली. कोलकात्यातलं केंद्र सुधा कौल यांनी काढलं; चेन्नईतल्या पूनम नटराजन स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. मूल घेऊन येणारी आई तपासणी झाली की लगेच उठून जात नाही. ती थांबते, विचारते, पुन्हा विचारते, आणि घरी जाऊन करून बघते. बसमधून आलेल्या विद्यार्थ्याला आणि या आईला एकच वर्ग दाखवला, तरी दोघांना दिसतं ते वेगळं.

नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७मध्ये प्रबोधिनी काढली तीही आपल्या मुलासाठी शाळा शोधता शोधता. बदलापूरची ‘आधार’ पालकांनी उभी केली. आमच्यामागे या मुलांचं काय, हा त्यांचा प्रश्न होता.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची हकिकत भेटीच्या संदर्भात वेगळीच आहे. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचारांच्या फेऱ्या झाल्या, निराशेने घेरलं. मग बाबूकाका दिवाण भेटले, स्वतः चाकाच्या खुर्चीवरचे, तरीही उद्योगधंदा सांभाळणारे, हिंडणारे-फिरणारे. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात नसीमादीदींनी या भेटीचं मोल सांगितलं आहे. डॉक्टरांनी, नातेवाइकांनी इतके दिवस सांगूनही जे पटलं नव्हतं, ते एका माणसाला खुर्चीवरून कामाचा फडशा पाडताना पाहून पटलं. १९८४मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी राहिली. पुढे वसतिगृह, शाळा आणि सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचं केंद्र झालं. तिथे गेलेल्या पाहुण्याला संस्था समजावून सांगणारी व्यक्ती बऱ्याचदा खुर्चीवरच असते. भेटीचा अर्धा धडा तिथेच होऊन जातो, वेगळं भाषण लागत नाही.

आनंदवनात पाहुण्यांनी फार जुन्या काळी एक निराळंच काम केलं होतं. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक वरोऱ्याला येऊन राहिले, बांधकामावर राबले. त्याआधी आनंदवनात पिकलेली भाजी घ्यायला बाजारातले लोक बिचकत. कुष्ठरोग्यांच्या हातची म्हणून. ही देशोदेशीची तरुण मुलं तिथे राहतात, तीच भाजी खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिलं तेव्हा बाजार उघडला, असं आनंदवनच्या इतिहासात सांगितलं जातं. राबायला आलेल्या पाहुण्यांकडून गावच शिकलं. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं आधीच्या, १९९५च्या कायद्यातही होती; २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले, एवढं या क्षेत्राचं क्षेत्रफळ आता वाढलं आहे. २०११च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या त्या जुन्या, लहान यादीनुसार.

इटलीतल्या त्रिएस्तेला जाणाऱ्या अभ्यासकांची मात्र पंचाईत होते. फ्रांको बझाल्या हा मनोविकारतज्ज्ञ १९७१मध्ये तिथल्या सान जोव्हान्नी मनोरुग्णालयाचा प्रमुख झाला. त्याने कुलुपं काढली, दारं उघडली. १९७३मध्ये रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून एक मोठा निळा घोडा बनवला आणि तो मिरवत सगळे शहरात गेले. १९७८मध्ये इटलीच्या संसदेने मनोरुग्णालयं हळूहळू बंद करण्याचा कायदा केला, तो लोक अजूनही बझाल्याच्या नावाने ओळखतात. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर, परिचारिका, अधिकारी त्रिएस्तेला रीघ लावतात. आणि पाहतात काय? जुन्या आवारात झाडं, विद्यापीठाच्या काही इमारती, सहकारी संस्थेने चालवलेलं उपाहारगृह. कॉफी आणून देणारा कोण, बाजूच्या टेबलावरचा कोण, रुग्ण कोण आणि डॉक्टर कोण, कळायला मार्ग नाही. मानसिक आरोग्य केंद्रं शहरात विखुरलेली, साध्या घरांत. मोठं आवार, लांबलचक कक्ष, रांगेत बसलेली माणसं, यांतलं काहीच नाही. काम जितकं चांगलं, तितकं ते दाखवायला अवघड. देणगीदार आणि परीक्षक यांना खूश करण्याच्या दृष्टीने ही फारच गैरसोयीची गोष्ट आहे.

जपानमध्ये होक्काइदो बेटावरच्या उराकावा या मासेमारीच्या गावाने यावर स्वतःचा तोडगा काढला. तिथे १९८४मध्ये ‘बेथेल हाउस’ सुरू झालं. स्किझोफ्रेनिया आणि इतर मानसिक आजार असलेली माणसं एकत्र राहतात आणि कोंबू या समुद्री शेवाळाची पाकिटं भरून विकतात. गावात दरवर्षी हजारोंनी पाहुणे येतात. त्यांना हिंडवणारे, समजावून सांगणारे बेथेलचे सदस्यच. आपल्याला कुठले आवाज ऐकू येतात, ते कधी वाढतात, त्यांच्याशी काय बोललं की ते निवळतात, याचा अभ्यास ते स्वतः करतात. २००१पासून त्याला रीतसर स्वरूप आलं आहे, म्हणजे ज्याचा आजार तोच संशोधक. वर्षातून एकदा भास-भ्रमांची स्पर्धाही होते आणि सगळ्यात अजब भास झालेल्याला बक्षीस मिळतं. पाहुणे हसतात, कारण सांगणारा हसत असतो. विकायला असलेल्या पुस्तकांवर आणि टी-शर्टवर तिथलेच विनोद. ही पाहुण्यांची वर्दळ बेथेलच्या माणसांसाठी कमाईचं साधन आहे. प्रदर्शन इथेही आहे. पण काय दाखवायचं, किती दाखवायचं आणि मोबदला काय घ्यायचा, हे ठरवणारे हात बदलले आहेत. लॉरा ब्रिजमनच्या शनिवारांशी याची तुलना केली, तर फरक चटकन ध्यानात येतो.

जपानला हा आत्मविश्वास मिळवून देणाऱ्यांत आणखी एक दौरा होता. पोलिओमुळे मानेखाली लुळा झालेला एड रॉबर्ट्स १९६२मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला आला. लोखंडी श्वासयंत्र बसेल अशी खोली नव्हती, म्हणून विद्यापीठाच्या इस्पितळात राहिला. १९७२मध्ये त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बर्कलीला स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं. मदतनीस कोण ठेवायचा, कुठे राहायचं, हे अपंग माणसाने ठरवायचं. १९८१पासून डस्किन या जपानी उद्योगाच्या प्रतिष्ठानने अपंग जपानी तरुणांना अमेरिकेत शिकायला पाठवायला सुरुवात केली. व्यावसायिकांचं पथक पाठवण्याऐवजी चाकाच्या खुर्चीवरची मुलं विमानात बसवली. १९८६मध्ये टोकियोजवळ हाचिओजीला जपानचं तसं केंद्र सुरू झालं. १९९९पासून तेच प्रतिष्ठान आशिया-पॅसिफिकमधल्या अपंग तरुणांना जपानमध्ये बोलावतं.

आपल्याकडे अभ्यासभेटीच्या बसमध्ये अपंग विद्यार्थी किती असतात? पुनर्वसनाचे अभ्यासक्रम करणाऱ्यांत ते मुळात थोडे आणि बसच्या पायऱ्या उंच. संस्थेत पोहोचल्यावर दुसरी मजा. अपंगांसाठी बांधलेल्या इमारतीत पाहुण्यांसाठीचा हॉल पहिल्या मजल्यावर आणि उद्वाहक नाही, असं सर्रास दिसतं. २०१६च्या कायद्यानुसार सार्वजनिक वापराच्या जुन्या इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या. नियम आले २०१७च्या जूनमध्ये, म्हणजे मुदत २०२२मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेबाबतचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. मार्गदर्शक तत्त्वं हवी तर पाळा असं चालणार नाही, सक्तीचे किमान निकष ठरवा, असं केंद्राला बजावलं. त्या खटल्यात न्यायालयापुढे आलेला अहवाल हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राचा होता.

खाजगीपणाबद्दलही कायद्याची भाषा स्पष्ट आहे. भारताने २००७मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं बाविसावं कलम म्हणतं, की अपंग व्यक्ती कुठेही आणि कुठल्याही व्यवस्थेत राहत असो, तिच्या घरात, खाजगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ करता येणार नाही. वसतिगृहातली खाट हे त्या माणसाचं घर. तिच्यापाशी चाळीस जणांनी उभं राहून वहीत टिपणं घ्यायची, तर आधी विचारायला हवं, आणि ‘नको’ म्हटलं तर पुढे सरकायला हवं. बोलू न शकणाऱ्या माणसाचा नकार ओळखता येणं हे तर विशेष शिक्षकाच्या कौशल्यातच मोडतं. त्याची परीक्षा घ्यायला अभ्यासभेटीइतकी चांगली जागा नाही.

अलीकडे भेटीचा एक नवा प्रकार रुजतो आहे: सुगम्यता पाहणी. त्यात खुर्चीवरची, पांढरी काठी घेतलेली, खुणांनी बोलणारी माणसंच परीक्षक म्हणून इमारतीत शिरतात. स्वागतगीत नसतं. मोजपट्टी निघते, दाराची रुंदी मापली जाते, स्वच्छतागृहात खुर्ची पूर्ण वळते का ते वळवून पाहिलं जातं, उद्वाहकाची बटणं उठावदार आहेत का, मजला बोलून सांगितला जातो का, हे तपासलं जातं. चढणीचा नियम एकास बारा आहे. एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब हवा. पायरी सहा इंचांची असेल तर सहा फूट. अनेक कार्यालयांच्या दारात सहा इंचांना दोन फुटांचा सिमेंटचा उतार थापलेला असतो. त्यावरून खुर्ची स्वतःच्या हातांनी वर नेता येत नाही आणि खाली सोडली तर थेट रस्त्यावर जाते. उद्घाटनाची पाटी मात्र शेजारच्या भिंतीवर असते. पाहणी करणारे पाटीचाही फोटो काढतात, कारण अहवालात उताराच्या मापाबरोबर तो मंजूर करणाऱ्या विभागाचं नाव लिहावं लागतं.